पोर्ट बंद पडला म्हणजे बोर्ड गेला, हे खरं नाही

नाशिकच्या क्लासेसच्या, सोसायट्यांच्या आणि गेमिंगवाल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरचे यूएसबी पोर्ट बंद पडले तर काय करायचं, हे त्यात ठामपणे सांगितलंय. थोडक्यात मजकूर असा: पोर्ट चालेनासा झाला की मदरबोर्ड गेला समजा, रिपेअर होत नाही, नवा टाका. हा त्रास असेंबल मशीनलाच होतो, ब्रँडेडला होत नाही. फार तर एकदा फॉरमॅट मारून बघा. पेनड्राइव्ह ‘सेफली रिमूव्ह’ न करता ओढला की पोर्ट जळतो. निळ्या पोर्टात माउस-कीबोर्ड लावू नका, जास्त करंटने उडतात. आणि पोर्टात अधूनमधून तेलाचा स्प्रे मारा.

यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, बाकीचे चुकीचे आहेत. पहिला तर लोकांच्या खिशाला सरळ भोक पाडणारा आहे. चार-पाच वर्षं जुन्या मशीनचा बोर्ड बदलायला गेलं, की त्या सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) नवा बोर्ड बाजारात मिळतोच असं नाही. मग प्रोसेसर बदला, मग रॅम बदला. मशीनसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स बोर्डाला बांधलेलं असेल, तर तेही अडतं. एका पोर्टापायी निम्मा कॉम्प्युटर नवा घ्यावा लागतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

‘पोर्ट बंद म्हणजे बोर्ड गेला.’

कुठला पोर्ट? किती पोर्ट? हा पहिला प्रश्न मेसेजमध्ये कुठेच नाही. बोर्डावरचे सगळे पोर्ट एकाच जागेहून येत नाहीत. काही चिपसेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपमधून येतात. एएमडीच्या रायझनसारख्या प्रोसेसरमध्ये काही थेट प्रोसेसरमधून येतात. काहींसाठी बोर्डावर वेगळी चिप असते. आणि कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट बोर्डावर नसतातच, ते एका वायरने बोर्डाच्या हेडरला, म्हणजे उभ्या पिनांच्या जागेला जोडलेले असतात. पुढचे दोन बंद आणि मागचे चालू असतील, तर दोष बहुतेक वेळा त्या वायरीत, तिच्या कनेक्टरमध्ये किंवा पुढचे पोर्ट बसवलेल्या छोट्या सर्किटच्या पट्टीत असतो. पट्टी आणि वायर बदलता येते. काहीच नाही जमलं, तर ग्राफिक्स कार्डाखालच्या मोकळ्या स्लॉटमध्ये यूएसबीचं कार्ड बसवता येतं, तेही नव्या बोर्डाच्या मानाने कितीतरी स्वस्तात.

तेव्हा आधी कागद घ्या. दुसऱ्या मशीनवर नीट चालणारा एक साधा वायरवाला माउस प्रत्येक पोर्टात लावून बघा आणि चालू-बंद लिहून ठेवा. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, अनेकदा मेलेला तोच असतो.

सगळेच बंद असतील तरी घाबरू नका. पोर्टांच्या पाच व्होल्टच्या लाइनवर संरक्षण असतं. कुठे गरम झाल्यावर करंट अडवणारा आणि थंड झाल्यावर पूर्ववत होणारा फ्यूज, तर कुठे छोटी स्विच चिप. कुठेतरी शॉर्ट झाला की ते पुरवठा तोडतं. नुसतं ‘शट डाउन’ करून ते दर वेळी सुटत नाही, कारण एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, चालू असेतोवर स्टँडबायचे पाच व्होल्ट बोर्डावर येतच असतात. कॉम्प्युटर बंद केल्यावरही माउसचा दिवा जळत राहतो, तो त्यामुळेच. म्हणून एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा, भिंतीतली पिन काढा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, पाचेक मिनिटं थांबा. मग फक्त कीबोर्ड लावून सुरू करा.

तरी नाही? पुन्हा पिन काढा, कॅबिनेट उघडा आणि पुढच्या पॅनलचे यूएसबी कनेक्टर बोर्डावरून उपसून ठेवा. पुढच्या एखाद्या पोर्टाच्या आतली प्लास्टिकची जीभ वाकून पिनांना पिन लागली असेल, तर तो एक शॉर्ट मागच्या पोर्टांनाही घेऊन बसतो. कनेक्टर काढल्यावर मागचे जागे झाले, तर दोषी कोण ते कळलं.

सातपूरच्या एका घरातलं मशीन माझ्याकडे आलं होतं. मुलगा इंजिनिअरिंगला. कॉम्प्युटर सुरू व्हायचा, काळ्या स्क्रीनवर यूएसबीला जास्त करंट जातोय आणि पंधरा सेकंदांत मशीन बंद होईल अशी सूचना यायची, आणि खरंच बंद व्हायचं. कॅबिनेट नुकतंच बदललं होतं. एका दुकानात बोर्ड बदलायला सांगितला होता. मी बोर्ड सोडवून बाहेर घेतला आणि टॉर्च मारला. कॅबिनेटच्या मागे बसते ती पत्र्याची पातळ पट्टी, आयओ शील्ड, तिला प्रत्येक खिडकीपाशी स्प्रिंगसारख्या बारीक जिभा असतात. त्या पोर्टाच्या बाहेरच्या धातूला टेकायला हव्यात. बोर्ड सरकवताना त्यातली एक जीभ यूएसबी पोर्टाच्या तोंडात शिरली होती आणि आतल्या पिनेला चिकटून बसली होती. चिमट्याने ती बाहेर वाकवली, बोर्ड परत बसवला, मशीन चालू राहिलं. मुलाचे वडील म्हणाले, “दादा, एवढंच होतं?” हो काका, एवढंच होतं. हा दोष असेंबल करणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो. बाहेर काढून बघण्याचे कष्ट घ्यायचे की नाही, एवढाच प्रश्न असतो.

असंच मागच्या एचडीएमआय पोर्टाचं. डिस्प्ले येत नाही, म्हणून बोर्डावर शिक्का बसतो. पण प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असेल, जसा आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्सच नसतं. रायझन ५ ५६०० मध्येही नसतं. अशा प्रोसेसरवर बोर्डाच्या एचडीएमआयमधून चित्र येणारच नाही, बोर्ड कितीही नवा असो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा.

‘हे असेंबल मशीनलाच होतं.’

अर्धा खरा म्हटलेला मुद्दा हा. हाताने जोडलेल्या मशीनमध्ये जोडणीच्या चुका होतात, हे मान्य करायला हवं. बोर्डाखाली पितळेचा एक स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) जास्तीचा राहिला, की तो मागच्या सोल्डरला टेकतो. पुढच्या जुन्या यूएसबीच्या (यूएसबी २) हेडरवर नऊ पिना असतात, ऑडिओच्या हेडरवरही नऊच. फक्त गाळलेली पिन वेगळ्या जागी असते. जोर लावून चुकीच्या जागी कनेक्टर दाबणारे हात मी पाहिलेत. सगळ्यात नाजूक ते यूएसबी ३ चं हेडर, एकोणीस पिनांचं. त्याची केबल जाड आणि ताठ असते. कॅबिनेटचं झाकण लावताना ती ओढली जाते, कनेक्टर तिरका निघतो आणि काठाची एखादी पिन आडवी पडते. कधी कनेक्टरसोबत हेडरचं प्लास्टिकचं कवचच उपटून येतं. पिन नुसती वाकली असेल तर मेकॅनिकल पेन्सिलीचं रिकामं टोक तिच्यावर चढवून हळूच उभी करता येते. एकदाच आणि सावकाश, कारण दुसऱ्यांदा वाकवली तर तुटते.

त्या पिनांमुळे एक गमतीशीर लक्षण दिसतं. यूएसबी ३ च्या पोर्टात जुन्या यूएसबीचे चार संपर्क असतात आणि वेगासाठी आणखी पाच. वेगाच्या पाचांपैकी एखादा गेला, तर माउस झकास चालतो, पण हार्ड डिस्क एकतर संथ चालते किंवा लागते-सुटते. अशा वेळी ‘पोर्ट चालू आहे, डिस्क खराब’ असा उलटा निष्कर्ष काढला जातो.

पण ‘ब्रँडेडला होत नाही’ हे साफ खोटं. चिपसेट, पोर्ट चालवणारे कंट्रोलर, कनेक्टर तेच असतात. २०२१ च्या फेब्रुवारीत एएमडीने स्वतः कबूल केलं, की त्यांच्या ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी उपकरणं मधेच तुटतात. त्याच वर्षी एप्रिलपासून बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) नव्या आवृत्त्यांमधून, एजेसा १.२.०.२ नावाच्या दुरुस्तीने, त्यावर उपाय आला. त्या काळात कितीही बोर्ड बदलले असते तरी फरक पडला नसता. तुमच्याकडे बी५५० किंवा एक्स५७० बोर्ड असेल आणि हेडफोन किंवा माउस अधूनमधून गायब होत असेल, तर बायोस कुठल्या साली अपडेट केलाय ते आधी बघा.

‘फॉरमॅट मारून बघा.’

डेटा घालवून निदान करायची ही पद्धत थांबायला हवी. विंडोजचा दोष आहे की हार्डवेअरचा, हे फॉरमॅट न करता कळतं. मशीन सुरू होताना बायोसमध्ये जा. तिथे कीबोर्ड चालला तर पोर्टाला वीज मिळतेय आणि डेटाही जातोय. मग लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा (ओएस) लाइव्ह पेनड्राइव्ह करून त्यावरून मशीन चालू करा. हार्ड डिस्कला हात न लावता तो चालतो. तिथे सगळे पोर्ट चालले, तर बोर्ड निर्दोष.

मग विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, यूएसबी कंट्रोलर्सच्या यादीत पिवळं चिन्ह आहे का बघा. असेल तर ते अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, विंडोज परत ओळख करून घेतं. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून चिपसेटचा ड्रायव्हर टाका. त्याच यादीतल्या ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी दिलेली असते, ती काढा. थोडा वेळ मशीन तसंच ठेवलं की माउस झोपतो आणि उठतच नाही, अशी तक्रार असेल तर इथेच बघा.

फॉरमॅटने उलट पोर्ट ‘मरतात’ अशीही एक जागा आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत जुन्या सॉफ्टवेअरसाठी नव्या मशीनवर विंडोज ७ टाकायचा हट्ट होतो. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळातच नाही. इंटेलने २०१५ मध्ये आणलेल्या १०० मालिकेच्या चिपसेटपासून जुना यूएसबी २ कंट्रोलरच काढून टाकला. त्यामुळे इन्स्टॉलेशनच्या पहिल्याच पडद्यावर यूएसबी माउस आणि कीबोर्ड दोन्ही गप्प होतात. बोर्डावर गोल पीएस/२ पोर्ट असेल तर त्यावरचा कीबोर्ड चालतो. नाहीतर ड्रायव्हर आधीच घातलेली इन्स्टॉलेशनची प्रत करावी लागते. अशा प्रसंगी बोर्ड खराब ठरवून परत पाठवणं म्हणजे विक्रेत्यावर आणि ग्राहकावर, दोघांवरही अन्याय.

‘सेफली रिमूव्ह न केल्याने पोर्ट जळतो.’

पोर्ट जळत नाही. चालू असतानाच लावा-काढा करता यावी, म्हणूनच यूएसबी बनलंय. त्या बटणाने लिहायचा राहिलेला डेटा पूर्ण लिहिला जातो. कॉपी चालू असताना ओढलात तर फाइल बिघडेल, पोर्ट नाही. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पटकन काढण्याची सोय मुळातच चालू असते.

‘निळ्या पोर्टात माउस लावू नका.’

निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३ चा. जुन्या आणि निळ्या, दोन्ही पोर्टांत व्होल्टेज तेच, पाच. जुना पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत देऊ शकतो, यूएसबी ३ चा ९०० पर्यंत. पण किती करंट घ्यायचा हे उपकरण ठरवतं. माउस त्याला लागेल तेवढाच ओढतो. फक्त वायरलेस माउसचा बारीक रिसीव्हर चालू यूएसबी ३ डिस्कच्या शेजारी लावू नका. त्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये एका शोधपत्रात दाखवलं. माउस अडखळतो तो यामुळे. रिसीव्हर एका छोट्या एक्स्टेन्शनने दूर नेला की काम होतं.

‘तेलाचा स्प्रे मारा.’

कृपया मारू नका. तेलाचा थर राहतो, त्यावर धूळ बसते. आपल्याकडे पावसाळ्यातली दमट हवा आणि उन्हाळ्यातली बांधकामांची धूळ, दोन्ही त्या थरावर चिकटतात. पोर्ट काळवंडला असेल तर भिंतीतली पिन काढून ब्लोअर मारा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला मऊ ब्रश फिरवा. पूर्ण सुकल्याशिवाय वीज देऊ नका.

बोर्ड खरंच जातो का? जातो. जळका वास, चिपवर फोड, पोर्टाच्या आतली प्लास्टिकची जीभ तुटलेली, वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि इंटरनेटची केबल लागते त्या लॅन पोर्टासकट शेजारचे पोर्ट गेले, असं दिसलं तर मीही बोर्डच म्हणेन. पण दुकानात तसं सांगितलं तर विचारा: कुठला पोर्ट, तिथे पाच व्होल्ट मोजले का, पुढचं पॅनल काढून बघितलं का, दुसऱ्या ओएसवर चालवून बघितलं का? बहुतेक बोर्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते, बिल शोधा. घरी व्होल्टेज बघायचं असेल तर मल्टिमीटरची टोकं पोर्टात खुपसू नका, तिथेच शॉर्ट होईल. पोर्टात लावायचा छोटा यूएसबी टेस्टर मिळतो, तो वापरा.

आणि नवा बोर्ड बसवायच्या आधी भिंतीतला सॉकेट तपासून घ्या. पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या कितीतरी घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची वायर नसते. एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे अशा मशीनचं कॅबिनेट मेनच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. करंट अगदी कमी, हाताला झिणझिण्या येण्याइतका. पण अर्थिंग असलेल्या सॉकेटवरचा प्रिंटर यूएसबीने जोडताक्षणी त्या करंटला वाट मिळते ती पोर्टातून. हाताला झिणझिण्या जाणवत असतील, तर कॉम्प्युटरवाल्याच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थिंग ओढून घ्या. नाहीतर त्याच सॉकेटवर लावलेल्या नव्या बोर्डाचे पोर्टही त्याच धोक्यात राहतील.