स्क्रीनवरचे २५० आणि काट्यावरचे ७०० ग्रॅम

ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. रोइंग मशीन म्हणजे बसल्या बसल्या वल्हं मारल्यासारखं हँडल ओढायचं व्यायामाचं यंत्र. त्यावरच्या लेखात मी लिहिलं होतं की अर्ध्या तासात २५० ते ३०० कॅलरी जळतात. ताईंनी दोन महिने, आठवड्यातले सहा दिवस, रोज अर्धा तास मशीन केलं. स्क्रीनवर रोज २५०च्या आसपास आकडा यायचा. ४८ दिवसांचे १२,००० झाले, म्हणजे दीड किलो तरी कमी व्हायला हवं होतं. झालं ७०० ग्रॅम, आणि वर कंबर धरली. "आकडे दाखवून लोकांना मशीनवर बसवू नका, वजन जेवणानंच उतरतं," असं त्यांचं म्हणणं आहे.

आकड्याबाबत तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. तो कुठून येतो हे न सांगता मी तो लिहायला नको होता.

तुमच्या जिममधलं मशीन कन्सेप्ट टू कंपनीचं, पंख्याचं आहे; हँडल ओढलं की पंखा फिरतो. पंखा किती जोरात फिरला आणि ओढ सुटल्यावर किती लवकर मंदावला, यावरून स्क्रीन तुमची ताकद वॅटमध्ये काढते. इथपर्यंतचं मोजमाप भरवशाचं असतं. पुढचा कॅलरीचा आकडा मात्र सूत्रातून येतो: वॅटला ४ नं गुणायचं, मग ०.८६ नं, आणि त्यात तासाला सरसकट ३०० मिळवायचे. ४ नं अशासाठी की शरीर जेवढं इंधन जाळतं त्याचा साधारण चौथा हिस्साच कामाला येतो, बाकीची उष्णता होते. ०.८६ हा वॅटचे कॅलरीत रूपांतर करण्याचा आकडा. आणि ते ३०० म्हणजे पंख्याला जोर न लावता नुसतं सीटवर पुढेमागे होण्याचा खर्च, तोही ७९ किलोच्या माणसाचा. कंपनी हे उघडपणे सांगते, वजनाप्रमाणे आकडा दुरुस्त करायची सोयही देते. पण जिममध्ये मशीनवर बसणाऱ्याला हे कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं.

तुमचं वजन ५८ किलो. तुमच्यासाठी त्या ३००चे २२० होतात, म्हणजे अर्ध्या तासाला ४० कमी. राहिले २१०. तो अर्धा तास घरी खुर्चीत बसून काढला असता तरी तीसेक कॅलरी जळल्याच असत्या, त्या मशीनच्या खात्यावर धरता येत नाहीत. उरले १८०. ४८ दिवसांचे ८,६४०. किलोभर चरबीला ७,७०० कॅलरी धरल्या तर १,१०० ग्रॅम होतात.

तुमचे ७०० उतरले. तफावत राहिली ४०० ग्रॅमची, म्हणजे आठ आठवड्यांत दिवसाला ५५ कॅलरी.

खाण्यात काडीचाही बदल केला नाही, असं तुम्ही लिहिलंय आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण ५५ कॅलरी म्हणजे किती, हे बघायला आज सकाळी मी भाजलेले शेंगदाणे काट्यावर ठेवले. साधारण तेवढ्या कॅलरी १० ग्रॅममध्ये असतात, आणि १० ग्रॅम भरायला अठरा दाणे लागले. कूट करता करता यापेक्षा जास्त तोंडात जातात. फोडणीत एक छोटा चमचा तेल जास्त पडलं तरी ४० कॅलरी झाल्या. व्यायामानं भूक थोडी उघडते आणि हात थोडा सैल होतो, हे कुणाच्याच लक्षात येत नाही. शिवाय शरीर स्वतःही काटकसर करतं. हर्मन पाँटझर या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांचा दिवसभराचा खर्च मोजला होता, २०१२ मध्ये तो अभ्यास छापून आला. शिकार आणि कंदमुळांसाठी रोज मैलोन्‌मैल चालणारी ही माणसं. शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर त्यांचा एकूण खर्च बैठी कामं करणाऱ्या पाश्चात्त्यांइतकाच भरला. तेव्हा तुमचे ७०० ग्रॅम मला अजिबात कमी वाटत नाहीत. ते व्यायामाचंच फळ आहे.

आता कंबर. खरं सांगायचं तर तुमच्या प्रतिक्रियेतलं हेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

तुम्ही लिहिलंय की ट्रेनरनं पंख्याच्या बाजूचा खटका १० वर ठेवायला सांगितला, "जास्त घाम निघेल" म्हणून. तो खटका पंख्यात हवा किती शिरेल ते ठरवतो. १० वर हवा भरपूर शिरते, पंखा चटकन मंदावतो आणि प्रत्येक ओढीच्या सुरुवातीला जड, थांबत आलेली होडी हलवल्यासारखा भार येतो. कॅलरी त्यानं वाढत नाहीत, कारण स्क्रीन पंख्याचं मंदावणं धरूनच हिशेब करते. भार तेवढा पाठीवर येतो. खटका ४ वर आणा.

दुसरी गोष्ट क्रमाची. ओढताना पाय, पाठ, हात. परतताना हात, पाठ, पाय. बहुतेकांचं होतं काय, पाय झटक्यात सरळ होतात, सीट मागे पळते, हँडल मात्र जागेवरच असतं, आणि मग वाकलेल्या पाठीनं ते उपसावं लागतं. आरसा नसेल तर हँडलला जोडलेल्या साखळीकडे बघा. ती जाता-येता एका पातळीत राहिली पाहिजे. परतताना हँडल गुडघ्यांवरून उचलावं लागत असेल, तर गुडघे हातांच्या आधी वाकताहेत. आधी हात सरळ करा, मग कमरेत पोक न काढता खुब्यातून पुढे वाका, आणि हात गुडघ्यांच्या पुढे गेले की मगच गुडघे वाकवा. वेग मिनिटाला २० ते २२ ओढी पुरे. ओढ जोरात, परत येणं सावकाश, तिच्या दुप्पट वेळ घेऊन.

पण हे सगळं दुखणं थांबल्यावर. तोवर मशीन बंद ठेवा, चालायला जा. दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

"वजन जेवणानंच उतरतं" हे तुमचं वाक्य मात्र मी अर्धंच मान्य करतो. उतरवताना ताटाचा वाटा मोठा असतो, हे खरंच. पण उतरलेलं वजन परत चढू नये यासाठी व्यायाम लागतो, आणि खाणं कमी केल्यावर चरबीबरोबर स्नायूही झिजू नयेत म्हणूनही लागतो. आणि तुमच्याच प्रतिक्रियेत एक ओळ आहे, ती तुम्ही तक्रारीच्या भरात लिहून गेलात: पहिल्या दिवशी दहा मिनिटांत दम लागला होता, आता अर्ध्या तासात ४,९०० मीटर होतात. ५८ किलोच्या, कधी वल्हं हातात न धरलेल्या बाईनं दोन महिन्यांत हे केलंय. तुमच्या हृदयानं आणि फुप्फुसांनी कमावलेली ही गोष्ट काट्यावर दिसणार नाही.

मूळ लेखातलं ते वाक्य मी आज बदललंय. २५० ते ३०० काढून टाकले आणि तुमचा हा सगळा हिशेब तिथं घातला. कंबर बरी झाली की खटका ४ वर ठेवून दहाच मिनिटं करून बघा, आणि साखळी सरळ राहते का ते इथं कळवा. वाट बघतो.