काचेचं छत आणि कुर्ल्याचे खांब

आमच्या स्टेशनाच्या पुनर्विकासाचं चित्र परवा सोसायटीच्या ग्रुपवर आलं. काचेचं छत, वरच्या मजल्यावर दुकानं आणि खाली मोकळ्या फलाटावर ट्रॉली बॅग ओढत चाललेली एकटी बाई. मुंबईत. एकटी! शेजारच्या काकांनी लगेच लिहिलं, "आता गर्दी कमी होणार बघा." काका रिटायर झालेत, त्यांना माफ आहे.

छत बांधून लोकल वाढत नाही हो. ती वाढते रूळ, सिग्नल आणि डब्यांच्या जोरावर. आणि फलाट किती लवकर रिकामा होतो, त्यावरही. हे शेवटचं काम स्टेशनाचं, म्हणून मी सरसकट नाक मुरडणार नाही. ठाणे स्टेशनचा पाच नंबरचा फलाट घ्या. 2024च्या मेअखेरीस 63 तासांचा ब्लॉक झाला, म्हणजे कामासाठी तिथली वाहतूक बंद राहिली, तेव्हा सगळ्यांनी शिव्या घातल्या, मीही घातल्या. रूळ सरकवला, काँक्रीटचे तयार ठोकळे बसवले आणि फलाट दोन-तीन मीटर रुंद झाला. एवढ्याशाने काय होतं, ते जिन्याच्या तोंडाशी उभं राहून बघा. उतरलेल्यांचा लोंढा आणि चढणाऱ्यांची रांग यांच्यात आता निदान एक माणूस सरळ चालू शकतो. 29 सप्टेंबर 2017ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली, हे आठवलं की त्या एका माणसाच्या जागेची किंमत कळते.

पण खरं काम कुर्ल्याचं. कल्याणच्या बाजूने येणारी पाचवी-सहावी मार्गिका, म्हणजे लोकलच्या चार रुळांशिवाय मेल-एक्स्प्रेससाठीचे जादा रूळ, कुर्ल्यापर्यंत येते आणि तिथेच संपते. पुढे सीएसएमटीपर्यंत मेल-एक्स्प्रेस आपल्या फास्ट लोकलच्याच रुळांवर घुसतात. पुढची मार्गिका 2008पासून मंजूर आहे, पण कुर्ल्यात जागाच नाही, कारण या मेन लाइनला खेटूनच हार्बर लाइन, म्हणजे पनवेलकडे जाणाऱ्या लोकलचे रूळ. म्हणून हार्बरचे फलाट उचलून वर न्यायचे आणि खालच्या जागेतून नवे रूळ काढायचे. मी पुनर्विकास म्हणतो तो याला. दिसायला काय, तर खांब, पत्रे आणि धूळ. असला फोटो ग्रुपवर कोण टाकणार?

काकांना एवढंच विचारलं, चित्रात रूळ किती दिसतात? त्यांनी झूम करून मोजले.

चार. आत्ताही चारच आहेत.