नुसते आकडे टाइप करून काय शिकली ती मुलं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘कम्प्यूट्स गॅझेट’ हे कमोडोर कंपनीच्या घरगुती कम्प्युटरांवरचं अमेरिकन मासिक, त्यात छापलेले प्रोग्रॅम वाचकांनी घरी स्वतः टाइप करायचे. त्याच्या जानेवारी १९८४ च्या अंकावर मी लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं असं, की अर्धा अंक जाहिराती, उरलेल्यात पानंच्या पानं आकडे, ते बघून बघून टाइप करणं म्हणजे निव्वळ डेटा एन्ट्री, आणि आपल्याकडे कमोडोर ६४ होता कोणाकडे की आपण त्याच्या आठवणी काढाव्यात.

आधी माझी चूक. “मुलं स्पीडस्क्रिप्ट टाइप करता करता मशीन लँग्वेज शिकली” हे वाक्य मी लिहायला नको होतं, काढून टाकलंय. मशीन लँग्वेज म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आकड्यांतल्या सूचना. स्पीडस्क्रिप्ट हा चार्ल्स ब्रॅनन यांचा वर्ड प्रोसेसर त्या अंकात छापला होता तो ० ते २५५ मधल्या नुसत्या आकड्यांत, साधारण पाच केबी, म्हणजे पाच हजारांवर आकडे, आणि ते वाचून आत काय चाललंय हे कोणालाच कळणार नाही. हां, एम्युलेटरवर (आजच्या कम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) मी स्वतः काही पानं टाइप करून बघितली तेव्हा १६९, १४१, ३२, ९६ हे आकडे सारखे सारखे यायला लागले, आणि ज्याला माहितीये की १६९ म्हणजे पुढचा आकडा उचल, १४१ म्हणजे तो मेमरीतल्या अमुक पत्त्यावर ठेव, त्याला थोडंफार दिसायला लागतं. पण बारा वर्षाच्या मुलाला हे कोण सांगणार, तेव्हा तुमचा मुद्दा बरोबर. जाहिरातींचाही बरोबर, भरपूर होत्या.

पण डेटा एन्ट्री म्हणून सोडून देऊ नका हो. त्याच मासिकात बेसिक या सोप्या, इंग्रजी शब्दांच्या भाषेतले प्रोग्रॅमपण असायचे आणि त्यांच्यासाठी ‘ऑटोमॅटिक प्रूफरीडर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम दिलेला असायचा. ओळ टाइप करून रिटर्न दाबलं की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा येणार, तो छापलेल्या आकड्याशी जुळला तर पुढे जायचं. आता गंमत बघा, हा आकडा म्हणजे ओळीतल्या अक्षरांच्या नंबरांची नुसती बेरीज, त्यामुळे दोन अक्षरं उलटसुलट झाली तरी बेरीज तीच! समजा ‘पोक ५३२८१,०’ (म्हणजे ५३२८१ या पत्त्यावर ० ठेव) च्या जागी ‘पोक ५२३८१,०’ पडलं. प्रूफरीडर म्हणतो बरोबर, प्रोग्रॅम चालतो, एरर नाही काही नाही, फक्त स्क्रीन निळी ती निळीच राहते. का? तर ५३२८१ हा व्हिडिओ चिपचा पत्ता, तिथे स्क्रीनच्या मागच्या रंगाचा नंबर असतो, आणि ५२३८१ ला मोकळी मेमरी आहे, तिथे शून्य जाऊन पडलं तरी कोणाला पत्ता लागत नाही. ही चूक शोधायची तर कुठल्या ओळीने रंग बदलायला हवा होता हे समजून घ्यावंच लागतं, दुसरा रस्ताच नाही. शिकणं झालं ते इथे, टाइप करण्यात नाही, हे मी मूळ लेखात नीट मांडायला हवं होतं.

आणि स्पीडस्क्रिप्टचे आकडे टाकायला जो ‘एमएलएक्स’ नावाचा प्रोग्रॅम होता ना, त्याचं तर मला फार कौतुक वाटतं. एका ओळीत सहा आकडे आणि सातवा पडताळणीचा, १६९ च्या जागी १९८ टाकलंत की ओळ घेणारच नाही, परत टाका. थकलात तर तेवढं सेव्ह करून उद्या पुढे चालू. म्हणजे संपादकांनी बसून विचार केला होता की घरातला साधा माणूस पाच हजार आकडे बिनचूक कसे टाकेल. वाचकावर एवढा विश्वास टाकणारं मासिक मी दुसरं बघितलेलं नाही. आणि १९८५ मध्ये त्याच प्रकाशनाने स्पीडस्क्रिप्टचा सगळा सोर्स कोड (माणसाला वाचता येईल असा मूळ प्रोग्रॅम) कॉमेंट्ससकट पुस्तकात छापून टाकला, ज्याला आत बघायचंय त्याने बघावं!

राहिला आपल्याकडचा प्रश्न. कमोडोर माझ्याकडेही नव्हता. पण १९८४ मध्येच सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्याकडच्या काही शाळांमध्ये बीबीसी मायक्रो कम्प्युटर यायला लागले होते, नंतर आमच्याही शाळेत एक आला. तो कायम कुलपात. आठवड्यातून एकदा बाहेर यायचा, त्यावर सर टाइप करायचे आणि आम्ही चाळीस जण मागे उभे राहून बघायचो, नंतर वहीत बेसिकचा प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा आणि त्याचं उत्तरही वहीतच लिहायचं. दोन वर्षांत मी त्या कीबोर्डला एकदाही हात लावला नाही. त्यामुळे हा अंक पहिल्यांदा स्कॅनमध्ये बघितला तेव्हा मला आठवण वगैरे आली नाही, वाईट वाटलं, की माझ्याच वयाच्या कुठल्यातरी मुलाला कोणीतरी म्हणत होतं, हे घे, तू टाक, चुकलं तर आम्ही सांगतो.

तुम्ही ती आकड्यांची पानं नुसती चाळली असतील तर एकदा एम्युलेटर उघडून त्याच अंकातला एखादा छोटा बेसिक प्रोग्रॅम टाइप करून बघा. प्रूफरीडर आधी टाका, आणि रन करायच्या आधी सेव्ह करा.