कपाळाचे तापमान म्हणजे शरीराचे तापमान नव्हे

उन्हात राबणाऱ्यांवरील उष्णतेचा ताण कपाळासमोर धरायच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजता येईल, हे या विषयावरील लेखातील विधान पटले नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ते उपकरण घामाने ओली किंवा उन्हाने तापलेली त्वचा मोजते; उष्माघाताचे निदान मात्र शरीराच्या आतील तापमानावरून, साधारणपणे ते ४० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर, होते आणि ते गुदमार्गातून किंवा गिळायच्या सेन्सर-कॅप्सूलने अधिक विश्वासार्हपणे कळते. शिवाय शरीराला उष्णता सरावायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात आणि त्यानंतर घाम लवकर सुटतो, त्यातील मीठ घटते, तेवढ्याच श्रमाला नाडी कमी धावते. त्यामुळे लेखात केल्याप्रमाणे एप्रिलारंभीच्या (शरीर सरावण्याआधीच्या) आणि मेअखेरच्या (सरावल्यानंतरच्या) नोंदी एकाच सरासरीत मिसळणे मला तरी चूक वाटते. घामावाटे किती पाणी गेले हे कळण्यासाठी कामाआधी व नंतर वजन करणे (प्यालेले पाणी हिशेबात धरून) हा स्वस्त उपाय लेखात यायला हवा होता.