झाड तोडायचा ठराव जूनमध्ये करू नका

दरवर्षीचं ठरलेलं आहे. पावसाच्या तोंडावर वारा सुटतो, गुलमोहराची फांदी कुणाच्या तरी गाडीवर येते आणि येत्या रविवारी सोसायटीची तातडीची मीटिंग लागते. विषय एकच: झाड काढून टाका. सेक्रेटरी लिहून घेतात, सगळे सह्या करतात.

माझ्या मते ही मीटिंग दसरा ते संक्रांतीच्या मधे व्हायला हवी. पावसाने झाडाचं काय केलं ते तेव्हा दिसतं, बुंध्यावरची अळंबी ताजी असते, परवानगीला लागणारे आठवडे (कधी महिने) हाताशी असतात आणि खोड कोरडं असतं. जूनमध्ये शेवाळलेल्या, निसरड्या खोडावर माणूस चढवायचा, त्याच वेळी त्याच रेन ट्रीवर बगळ्यांची वीण चालू. घरट्यांसकट फांदी खाली आली तर प्रकरण वृक्ष कायद्यावरून 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापर्यंत जातं.

आता झाड बघायचं कसं. सगळे माना वर करून पालवी बघतात. बघायचं असतं बुंध्यापाशी. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीला टेकताना पसरतो, मुळांचे खांदे दिसतात. तुमचं झाड विजेच्या खांबासारखं सरळ पेव्हर ब्लॉकमध्ये घुसलेलं दिसत असेल, तर आवाराची पातळी वाढवताना कुणीतरी ते खांदे मातीत नाहीतर काँक्रीटमध्ये गाडलेत. तिथली साल सतत ओली राहते, आतून कुजते, आणि वर पानं मात्र हिरवीगार. पाणी वर नेणारा भाग सालीलगतचा ताज्या लाकडाचा असतो, झाडाला उभं धरणारं लाकूड आतपर्यंत असतं. त्यामुळे आतून पोकळ झालेलं झाडसुद्धा वर्षानुवर्षं फुलतं. 17 मे 2021ला तौक्ते वादळात मुंबईत जी झाडं मुळासकट आडवी झाली, त्यांत हिरवीगार झाडंही होती.

बुंध्यावर किंवा मुळांवर कडक, फळीसारखी अळंबी आली असेल तर सावध व्हा. ती खरवडून टाकली म्हणून रोग जात नाही, तो लाकडात असतो. लाकडी हातोडीने बुंधा चहूबाजूंनी ठोकून बघा. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोकळीवर ढोलकीसारखा. ढोली असेल तर तिच्यात सळई घालून आतलं चांगलं लाकूड किती उरलंय ते मोजा. ठोकताळा असा: साल सोडून उरलेल्या भरीव लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशापेक्षा कमी नको. 60 सेंटीमीटर व्यासाच्या खोडाला सगळीकडून निदान 10 सेंटीमीटर. हा हिशोब पोकळीभोवती लाकडाचं कडं अखंड असेल तेव्हाचा. ढोलीचं तोंड मोठं असेल तर याहून कडक राहायचं.

वाकलेलं झाड बघून घाबरू नका. मुंबईत दोन इमारतींच्या मधली झाडं उजेडासाठी वाकतातच. बुंधा तिरपा आणि शेंडा पुन्हा सरळ वर गेलेला असेल, तर ते कलणं जुनं आहे आणि झाडाने स्वतःला सावरलेलं आहे. धोका नव्या कलण्यात असतो. झाड ज्या बाजूला कललंय त्याच्या विरुद्ध बाजूची माती उचललेली, चंद्रकोरीसारखी भेग, पेव्हर एका अंगाने वर आलेले. हे दिसलं तर मीटिंग बोलवू नका. खालच्या गाड्या आणि माणसं हलवा आणि 1916 हा मुंबई महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक लावा.

आणखी एक चौकशी कमिटीत कुणीच करत नाही: गेल्या चार-पाच वर्षांत इथे चर कुणी खणला? गॅस, केबल, ड्रेनेज, कंपाउंड वॉल, काहीही. खोडाच्या व्यासाच्या तीन ते पाच पट अंतरात एका बाजूची जाड मुळं तोडली असतील, तर त्या बाजूचा नांगर सुटलेला असतो.

बेचकंही बघा. दोन खोडं इंग्रजी यू सारखी गोल फुटली असतील तर मजबूत. व्ही सारखी घट्ट फुटून मधे साल दाबली गेली असेल तर तिथे लाकूड जुळलेलंच नसतं, वाऱ्यात तिथूनच उभं फाटतं. नारळाचा न्याय वेगळा. त्याला एकच कोंब. गेंड्या भुंग्याने नाहीतर सोंड्या भुंग्याने तो खाल्ला की झाड संपलं, पुन्हा फुटणार नाही. पण नारळ डोक्यात पडेल ही तक्रार असेल, तर पाडेली बोलवून फळं आणि वाळलेल्या झावळ्या वेळच्या वेळी काढणं पुरतं.

पानांचा कचरा, कावळ्यांची घाण, गाडीवर पडणारा चीक, ही तोडायची कारणं माझ्या लेखी नाहीत. ‘मुळांनी ड्रेनेज फोडलं’ हेही अर्धसत्य. मुळं चांगला पाइप फोडत नाहीत, गळक्या सांध्यातून आत शिरतात. आधी सांधा बदला.

बहुतेक झाडांना लागते ती नीट छाटणी. एका हंगामात पालवीच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये. जाड फांदी तीन कापांत काढायची. खोडापासून साधारण 30 सेंटीमीटरवर खालून पाव जाडीपर्यंत पहिला काप, त्याच्या थोडं बाहेर वरून दुसरा, मग उरलेला ठोंब फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. पहिला काप विसरलात की फांदी वजनाने लटकते आणि खोडाची साल सोलून नेते. शेंडा उडवून मुंडण केलं की वर्षभरात झुपक्याने फांद्या फुटतात. त्या नुसत्या वरवर चिकटलेल्या असतात, पुढच्या वादळात त्याच पडतात. आणि मुंबईचा खास प्रकार: खिडकीत उजेड यावा म्हणून इमारतीकडची सगळी बाजू साफ. मग सगळं वजन रस्त्याकडे.

छाटणी असो वा तोडणी, खाजगी आवारातल्या झाडालाही वॉर्डच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, कायदा 1975चा आहे. खर्च सोसायटीचा. 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, त्याची तपासणी जास्त कडक. अर्जात नुसतं ‘धोकादायक’ लिहू नका. ‘बुंध्यापाशी अळंबी, 40 सेंटीमीटरची ढोली, उत्तरेकडची मुळं तोडलेली’ असं लिहा. ठरावाची प्रत, चारी बाजूंचे फोटो, मुळांचा जवळून फोटो आणि जागेचा साधा नकाशा जोडा. बदल्यात झाडं लावायची अट येते, ती जागा आधीच ठरवून ठेवा.

काही महाभाग बुंध्याला भोक पाडून हिंग, मोरचूद नाहीतर ॲसिड भरतात. गुन्हा तो आहेच, शिवाय मूर्खपणा. मेलेलं झाड तोडायला जास्त धोक्याचं असतं. कुठली फांदी माणसाचं वजन घेईल ते कळत नाही आणि दोर अडकवायला भरवशाचं बेचकं उरत नाही.

प्रत्यक्ष तोडताना आपल्या आवारांत झाड आडवं पाडायला जागा नसते. वरून खाली, तुकड्या-तुकड्याने, दोराने उतरवायचं. वजनाचा अंदाज असू द्या: 60 सेंटीमीटर जाडीचा एक मीटर ओला ओंडका साधारण पाव टन. एवढा ओंडका वरून सोडला तर पेव्हरखालची टाकी फुटते. कंत्राटदाराला तीन गोष्टी विचारा: कामगारांचा विमा आहे का, हार्नेस आहे का, खाली दोर धरणारा वेगळा माणूस आहे का. फांदीला शिडी टेकवून तीच फांदी कापणारा दिसला तर काम थांबवा. तुकडा पडला की हलकी झालेली फांदी वर उसळते आणि शिडी निसटते. वीजवाहिनी जवळ असेल तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्या, वॉचमनने मेन स्विच पाडून भागत नाही.

शेवटचा तीन-चार मीटरचा बुंधा पाडायला जागा असेल तर पडायच्या बाजूला व्यासाच्या पाव भागाएवढी खाच, मागून खाचेच्या तीन-पाच सेंटीमीटर वर काप, आणि मधे व्यासाच्या एक दशांशाएवढं लाकूड बिजागरीसारखं शिल्लक. ती बिजागरी कापली गेली की बुंधा वाटेल तिकडे जातो.

खुंट कंपाउंड वॉलजवळ असेल तर जेसीबीने उपटू नका, मुळांबरोबर भिंतीचा पायाही हलतो. जमिनीखाली 15 सेंटीमीटरपर्यंत कापा, वर माती थरांत ठोकून भरा. मुळं कुजतील तशी जमीन काही वर्षं खचत राहते, म्हणून त्यावर लगेच पेव्हर नको. पिंपळ, सुबाभूळ, रेन ट्री पुन्हा फुटतात, कोंब दर दोन-तीन आठवड्यांनी खुडत राहा. नवं झाड त्याच खड्ड्यात लावू नका, दोन-तीन मीटर बाजूला लावा. बकुळ, बहावा, कांचन, जे जागेत मावेल ते. आणि पेव्हरवाला येईल तेव्हा त्याला चुन्याची रेघ मारून दाखवा: खोडाभोवती एक मीटर माती उघडी राहणार.