जर्मनीचा दाखला

गेल्या जूनमध्ये बहिणीचा कराडहून फोन आला. भाच्याला सीईटीत 61 पर्सेंटाइल मिळाले होते, त्या गुणांवर एका खासगी महाविद्यालयात कुठल्यातरी शाखेला प्रवेश मिळण्यासारखा होता, आणि भाचा मात्र 'मला डिग्रीच नको, मी आयटीआय करून जर्मनीला जातो' असे म्हणून हटून बसला होता. "दादा, तूच समजाव आता याला, तुझ्याच नादाने हे सगळं चाललंय," असे म्हणून तिने फोन त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "मामा, तूच सांगितलं होतंस ना, तिकडे प्लंबरला इंजिनिअरइतका मान असतो म्हणून?" मी तसे म्हटले होते हे खरे, पण ते दिवाळीत, फराळाच्या ताटावर, आणि अर्धेच.

श्टुटगार्टजवळच्या एस्लिंगेन या गावात मी 17 वर्षे राहतो आणि यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात अभियंता आहे. त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात शिक्षणाचा वाद निघाला की जर्मनीचा दाखला द्यायला मला पुढे केले जाते. 'डिग्रीचा कागद चुलीत घाला, हातात कौशल्य पाहिजे' हे वाक्य अलीकडे घरच्या ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी येते. ते पाठवणाऱ्यांत एक एमटेक आहे, एक सीए आहे आणि एकजण निवृत्त प्राध्यापक आहेत. स्वतःच्या मुलाला आयटीआयला घातलेला त्यांच्यात एकही नाही, हे मी तिथे कधी लिहिलेले नाही. ते इथे लिहितो.

तरीही त्यांचे म्हणणे मला सरळ झटकून टाकता येत नाही, कारण आमच्या डिग्रीत काय होते ते मी पाहिले आहे. 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या धोरणातून उभ्या राहिलेल्या एका महाविद्यालयात मी 2001 ते 2005 अशी चार वर्षे काढली. तिथे ड्रॉइंगच्या शीट आम्ही 'जीटी मारून' पूर्ण करत असू. दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली ट्यूबलाइट लावायची, मित्राच्या शीटवर आपली कोरी शीट अंथरायची आणि उमटलेल्या रेषा गिरवायच्या. जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाचे. त्याने ते त्याच्या आधीच्याचे उतरवलेले, इतके की एका प्रयोगातली बेरजेची चूक तीन बॅचपासून तशीच चालत आली होती आणि तिच्यावर दरवर्षी सही होत होती. वर्कशॉपमध्ये लोखंडी पट्टी घासून फिटिंगचा जॉब करायचा असे; तो बाहेरून करून मिळत असे आणि त्याचा भाव सबमिशनच्या आठवड्यात वाढत असे.

माझे वडील आयटीआय झालेले फिटर. साताऱ्याच्या एमआयडीसीत त्यांनी 31 वर्षे काम केले. मी विकत आणलेला जॉब त्यांनी एकदा दप्तराशेजारी पाहिला, बोटाने कडा तपासली, गुण्या लावून पाहिला आणि "चांगला घासलाय कुणीतरी" एवढेच म्हणाले. त्या 'कुणीतरी'ची लाज मला अजून वाटते. पण याच वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून माझी फी भरली होती. मला निळा गणवेश घालावा लागू नये, कँटीनमध्ये वेगळ्या रांगेत उभे राहावे लागू नये, एवढाच त्यामागचा हिशेब होता. मी तिथे काय शिकतो हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही, कारण त्यांच्या लेखी ती फी शिकण्याची नव्हतीच.

आता इकडचे सांगतो. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी सोळाव्या वर्षी शाळा संपवून मेकाट्रॉनिक्सच्या, म्हणजे यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सांगड घालणाऱ्या कामाच्या, प्रशिक्षणाला लागली. या पद्धतीला इथे आउसबिल्डुंग म्हणतात. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात काम, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत वर्ग, आणि हे साडेतीन वर्षे. पहिल्या दिवसापासून लेखी करार आणि दरमहा पगार. हा पगार फार नसतो, पण 2020 पासून त्याला कायद्याने किमान मर्यादा आहे. 2025 साली सुरू झालेल्या करारांसाठी पहिल्या वर्षी ती महिना 682 युरो होती. पहिले काही आठवडे तिने काय केले असेल? कानस घेऊन लोखंड घासले. तिच्या तळहातावरचे फोड तिने मला जिन्यात दाखवले तेव्हा मला वडिलांचे हात आठवले.

रविवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक वही भरते. कोणत्या दिवशी काय केले, कोणते यंत्र वापरले, शाळेत काय शिकवले, हे सारे त्या वहीत लिहायचे. कारखान्यातल्या प्रशिक्षकाने ते वाचून सही करायची. वही पूर्ण नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. एकदा तिने 'सेन्सर बदलला' एवढेच लिहिले होते. प्रशिक्षकाने शेजारी पेन्सिलीने विचारले, 'का?' आणि सही न करता वही परत दिली. आमच्या जर्नलवर चार वर्षांत किती सह्या झाल्या याची गणती नाही, पण एकदाही कोणी 'का' असे लिहिले नव्हते.

हा एवढा प्रसंग सांगून थांबलो, तर तो घरच्या ग्रुपवर हातोहात फिरेल आणि खाली कोणीतरी लिहील, 'बघा, म्हणून डिग्री नको.' पण त्या वहीमागे काय उभे आहे तेही पाहिले पाहिजे. 1969 चा व्यवसाय प्रशिक्षण कायदा आहे. त्याखाली सव्वातीनशेच्या आसपास मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत आणि प्रत्येकात काय शिकवायचे ते देशभर एकच ठरलेले आहे. परीक्षा कारखाना घेत नाही आणि शाळाही घेत नाही. ती उद्योग किंवा हस्तव्यवसाय मंडळ घेते, आणि परीक्षकांत मालकांचे, कामगारांचे व शिक्षकांचे असे तिन्ही बाजूंचे लोक बसतात. 'कागद नको' असे म्हणणारा हा देश तर मुळीच नाही. इलेक्ट्रिशियनचा धंदा किंवा साधे केस कापण्याचे दुकान काढायचे असेल तरी इथे सर्वसाधारणपणे माइस्टरची, म्हणजे त्या व्यवसायातल्या उस्तादाची, पदवी असलेला माणूस लागतो. 2004 साली 53 व्यवसायांतून ही अट काढून टाकली होती. त्यांतल्या 12 व्यवसायांना ती 2020 मध्ये पुन्हा लावली. माइस्टरची पातळी राष्ट्रीय पात्रता चौकटीत बॅचलर पदवीच्या बरोबरीची मानतात, आणि त्या बळावर पुढे विद्यापीठातही जाता येते. म्हणजे आपण ज्याला 'डिग्रीशिवायचे जग' म्हणून नावाजतो, ते कागदांनी गच्च भरलेले आहे. फक्त तिथल्या कागदावर जे लिहिलेले असते, ते त्या माणसाला बहुधा येत असते.

मग कॉलेजात शिकलेले वाया गेले का? आमच्या कारखान्यात एक माइस्टर आहे. स्पिंडलचा, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्याचा, आवाज बिघडला की तो स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि बिघाड कोणत्या बाजूला आहे ते सांगतो. त्याचे बहुतेक वेळा बरोबर असते. पण तोच स्पिंडल दोन तास चालल्यावर तापून किती लांबेल आणि त्यामुळे छिद्र किती मायक्रॉन सरकेल, हे काढायला तो माझ्याकडे येतो. ते गणित मला त्याच जीटी मारणाऱ्या महाविद्यालयात, ट्रान्स्फर होऊन आलेल्या आणि वर्षभराने निघून गेलेल्या एका सरांनी शिकवले. फळा पुसण्याआधी ते प्रत्येक वेळी 'एकक काय?' असे विचारत. चार वर्षांतले ते एक वर्ष मी अजून खातो आहे. तेव्हा कॉलेज निरुपयोगी असते असे मला म्हणवत नाही. चाराची फी घेऊन एक वर्ष देणारे कॉलेज महाग पडते, एवढे म्हणवते. हात आणि गणित यांची फारकत झालीच पाहिजे असेही नाही. श्टुटगार्ट ज्यात येते त्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात 1974 पासून तीन महिने वर्ग आणि तीन महिने कंपनी असे आलटून-पालटून शिकवणाऱ्या अकादम्या होत्या, आणि 2009 साली त्यांना उच्च शिक्षणसंस्थेचा दर्जाही मिळाला.

जर्मनीच्या दाखल्यातली दुसरी गळलेली ओळ मला जास्त खुपते. इथे चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात; जी विद्यापीठाकडे नेते ती शाळा वेगळी आणि जी कारखान्याकडे नेते ती वेगळी. पुढे वाट बदलता येते, पण बदलणारे थोडे. माझ्या मुलीच्या वर्गातले बहुतेक डॉक्टर-वकिलांचे मुलगे-मुली ग्युम्नाझिउमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, गेले आणि ज्यांच्या घरी तुर्की किंवा अरबी बोलतात त्यांतले बरेच गेले नाहीत, हे पालकसभेत कोणी मोठ्याने म्हणत नाही इतकेच. हस्तव्यवसायाचे गुणगान करणाऱ्या जर्मन प्राध्यापकांची मुले कुठे जातात हेही मी पाहिले आहे, आणि त्या वेळी मला आमचा ग्रुप आठवतो. शिवाय प्रशिक्षणाचे चारातले एकाहून अधिक करार मुदतीआधीच तुटतात. काही मुले दुसरीकडे नवा करार करतात, काही गळतात.

आपल्याकडे तर वाट वेगळी होण्याचा इतिहास दहाव्या वर्षाच्याही आधीचा आहे. कोणी कोणते काम हाताने करायचे हे जन्माने ठरत होते, आणि ते मोडायला ज्यांनी पदवी वापरली त्यांना 'कागद चुलीत घाला' असे सांगणे म्हणजे जिना चढून गेल्यावर तो काढून घेण्यासारखे आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. त्यांना कौशल्याचे महत्त्व कळत नव्हते म्हणून नव्हे. मुलींच्या बाबतीतही हेच. माझ्या चुलतबहिणीची बीए नोकरीच्या दृष्टीने कुचकामी ठरली, पण त्या तीन वर्षांच्या एसटीच्या पासाने तिचे लग्न अठराव्याऐवजी बाविसाव्या वर्षी झाले. हा लाभ कोणत्याही प्लेसमेंटच्या तक्त्यात दिसत नाही. आकडे वाचतानाही जपावे लागते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2022 साली भारतातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी 29.1 टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांत 3.4 टक्के. हा आकडा 'शिकून काय उपयोग' म्हणून फिरतो. पण न शिकलेल्याला घरी बसून नोकरीची वाट पाहणे परवडतच नाही. तो मिळेल त्या मजुरीवर जातो आणि आकड्यात 'कामावर' दिसतो.

गंमत म्हणजे हाताला काम आणि डोक्याला पुस्तक ही कल्पना आपल्याला जर्मनीकडून उसनी आणायची गरज नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था 1919 साली स्थापन केली ती आमच्या कराडजवळच्या काले गावात, आणि 'कमवा आणि शिका' हे त्यांचे सूत्र आहे. तिथे कष्ट करणारा मुलगा महाविद्यालयात जाण्यासाठी कष्ट करत होता. कष्ट हे महाविद्यालयाऐवजी नव्हते. अप्रेंटिसचा कायदाही आपल्याकडे 1961 पासून आहे, जर्मनीच्या कायद्याहून आठ वर्षे जुना. पण आपल्या कारखान्यांत अप्रेंटिसला बहुधा स्वस्तातले मनुष्यबळ म्हणूनच घेतात, असे माझे वडील म्हणत, आणि त्यांच्या हाताखालून बरेच अप्रेंटिस गेले होते.

भाच्याचा बेत ज्यावर उभा आहे तो करार फेब्रुवारी 2024 मधला. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या दोन राज्यांत कुशल मनुष्यबळासाठी तो झाला आणि पहिल्या टप्प्यात 10,000 तरुणांचे उद्दिष्ट जाहीर झाले. मी त्याला सांगितले, की आयटीआयचे प्रमाणपत्र इथे जसेच्या तसे चालत नाही. जर्मन व्यवसायाशी त्याची तुलना होते, उणीव निघाली तर ती भरून काढावी लागते, आणि त्याआधी भाषा. जर्मन ही काही तीन महिन्यांत येणारी गोष्ट नाही. पण त्याला हेही सांगितले, की आयटीआय केले म्हणून डिग्रीचे दार बंद होत नाही. दोन वर्षांनी डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. बहिणीला हे ठाऊक नव्हते. तिच्या मनात आयटीआय म्हणजे रस्त्याचा शेवट होता.

खासगी महाविद्यालय की आयटीआय, हे मी सांगितले नाही. दोन्ही ठिकाणी चालू दिवशी, दुपारी, न सांगता जा आणि वर्कशॉपमधल्या लेथच्या ट्रेमध्ये लोखंडाचा कीस पडलेला आहे का ते बघ, एवढेच सांगितले. आठवड्याने त्याचा फोन आला. महाविद्यालयात त्याला स्वागतकक्षातच बसवले, माहितीपत्रक दिले, सरबत दिले. वर्कशॉपला कुलूप होते, किल्लीवाले जेवायला गेले होते. आयटीआयमध्ये तो थेट आत शिरला. कीस दिसला, भरपूर होता. पण जवळ जाण्याआधीच तिथल्या निदेशकांनी, चप्पल घालून मशीनपाशी आलास म्हणून, सगळ्या पोरांदेखत त्याला बाहेर काढले. "शी, कसली माणसं ती," बहीण मागून म्हणत होती. मी भाच्याला विचारले, बुटांचे माप काय तुझे?