काम मशीन करंल, सही तू कर

भावा, एआय नोकरी खाणार म्हणून रंकाळ्यावर तोंड पाडून बसू नकोस. नोकरी राहणार आहे, तिच्यातलं काम तेवढं जाणार आहे. कोड मशीन लिहील, टेस्टिंग मशीन करंल, क्लायंटला पाठवायचा गोडगोड ईमेलही तेच पाडंल. एकच गोष्ट त्याला जमत नाही. घोटाळा झाला की कागदावर कुणाचं तरी नाव लागतं. ते नाव आईबापानं ठेवलेलं लागतं, व्हर्जन नंबर चालत नाही. तर आतापासूनच सहीची प्रॅक्टिस सुरू कर.

ही सही करायची नोकरी तुझ्यासाठी युरोपनं तयार केली आहे. युरोपीय संघाचा एआय कायदा 1 ऑगस्ट 2024 ला अमलात आला. नोकरीचे अर्ज चाळणारी यंत्रणा त्यात 'उच्च जोखीम' या खान्यात येते आणि तिच्यावर माणसाची देखरेख सक्तीची आहे. हा माणूस शिकवून तयार केलेला हवा, त्याच्या हातात अधिकार हवा, मशीन म्हणेल ते खरं मानायची खोड आपल्याला लागू शकते याचं त्याला भान हवं, आणि वेळ आली तर यंत्रणा थांबवता यायला हवी. वाचायला लय भारी आहे, खोटं कशाला बोलू? लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं बहुतेक भरल्या पगाराचा, निवांत, कॉफी पीत विचार करणारा कुणी तज्ज्ञ असावा. तो राजारामपुरीत भाड्याच्या खोलीत इन्व्हर्टरच्या भरवशावर रात्रपाळी करतोय, हे ब्रसेल्सला कळवणार कोण? मशीनचा निकाल युरोपात वापरला जाणार असेल, तर कंपनी बाहेरची असली तरी कायदा लागू होतो. म्हणजे त्याचं एक टोक तुझ्या खुर्चीपर्यंत आलं. अभिनंदन.

उच्च जोखमीचे हे नियम मुळात 2 ऑगस्ट 2026 पासून लागू व्हायचे होते. नोव्हेंबर 2025 मध्ये युरोपीय आयोगानंच ते पुढं ढकलायचा प्रस्ताव मांडला. पण चाळीसेक वर्षं भांडून 18 ऑगस्ट 2025 ला हायकोर्टाचं सर्किट बेंच पाहिलेल्या आपल्या कोल्हापूरला तारखेचं काय कौतुक!

आता कामाचं बोलू. पहिली गोष्ट, वाचायची सवय सोड. मशीननं नाकारलेला अर्ज समोर येईल, खाली 'तपासलं' असं बटण असेल. प्रत्येक अर्जाला तू किती सेकंद लावतोस ते डॅशबोर्डवर दिसत असतं. वाचत बसलास की आकडा लाल. मशीनशी सहमत झालास तर काही लिहावं लागत नाही. असहमत झालास तर कारण लिहायचं, पुरावा जोडायचा आणि टीम लीडची मंजुरी घ्यायची. मग तो विचारणार, "मॉडेलचं चुकतंय की तुझं?" पण असहमती अगदीच शून्य ठेवू नकोस, ऑडिटवाल्याला संशय येतो. अधूनमधून एखादा अर्ज उगीच पास करत जा. देखरेख जिवंत वाटते. रॉटरडॅमच्या कुणा बाईला नोकरीचा फोन जाईल, तिला वाटेल आपला अनुभव कामी आला. वाटू दे की.

स्क्रीनच्या कोपऱ्यात थांबवायचं बटणही असेल. कायद्यात आहे म्हणून आहे. हात लावू नकोस. दाबलंस तर पहिला फोन पुण्याहून येईल, तासाभरात बंगळूरहून, आणि मशीन काय चुकलं होतं हे दोन्हीकडं कुणी विचारणार नाही.

मशीनवर ढकलू, असा विचार मनात येत असेल तर तो आधीच एकानं करून पाहिलाय. एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉट ही वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, आपल्या करणीला तोच जबाबदार, असा युक्तिवाद कंपनीनं केला. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं तो झिडकारला आणि भरपाई कंपनीला द्यावी लागली. त्याआधी 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले खोटे निवाडे कोर्टात दिले. 5,000 डॉलर दंड वकिलांना झाला, चॅटजीपीटीला नाही. जगभरच्या व्यवस्थापनांना यातून एवढंच उमगलं की मशीनवर ढकलता येत नाही, माणसावर ढकलता येतं. तुझी जागा भरली ती याच अभ्यासातून.

आपल्या सरकारचं काय, म्हणशील. 1 मार्च 2024 ला दिल्लीनं सांगितलं, पुरती तपासणी न झालेली मॉडेल लोकांपुढं आणायला आमची परवानगी घ्या. 15 मार्चला नवं पत्र आलं, परवानगीची अट गायब! नोव्हेंबर 2025 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात सात सूत्रं आहेत, वेगळा कायदा सध्या नको असा सूर आहे, आणि 'उत्तरदायित्व' हे एक सूत्र आहे. त्या शब्दाच्या पोटात कोण बसलंय ते तुला आता कळलं असेल.

युरोपात कामाच्या जागी कॅमेऱ्यानं चेहऱ्यावरचे भाव ओळखायला 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण सोडून. म्हणजे तुझ्या क्लायंटच्या माणसांना मीटिंगमध्ये तोंड वाकडं करता येतं. तू हसत राहा. तास कमी होतील ही आशाही सोड. आठवड्याला 70 तासांचा सल्ला 2023 मध्ये आला, जानेवारी 2025 मध्ये 90 चा, आणि मधल्या काळात एआय हुशारच होत गेलं.

राहिलं घर. आईला सांग, एआयवर काम करतो. बायोडेटात 'एआय गव्हर्नन्स' लिही, स्थळं सांगून येतील. अडचण येईल ती पोरीचे वडील गोकुळ शिरगावला फाउंड्रीत इन्स्पेक्शनला असले तर. ते विचारतील, "आमच्यात कास्टिंगवर मी खडूनं फुली मारली की तो जॉब पुढं जात नाही, मालक आला तरी. तुमच्यात फुली कोण मारतं?"

तेव्हा पोहे खा आणि सांग, मशीन मारतं. मग ते विचारतील, "आणि तुम्ही?"

थोडं लिंबू मागून घे.